उलटी लटकलेली अळी

आधार बोरसेच्या खोलीत अळी आजारी पडत नाही, असं शिरपूरपासून धुळ्यापर्यंत वनखात्यात सगळे म्हणायचे. हे बोलणं कानावर आलं की त्या दिवशी आधारची सायकल चढावरही हलकी चालायची.

शिरपूर सोडून सातपुड्याकडे निघालं की कापसाची शेतं संपता संपता सागाची लागवड सुरू होते. तिथे रस्त्याच्या कडेला वनसंशोधनाचं एक छोटं केंद्र होतं. कौलारू ऑफिस, एक जीप, रोपवाटिका आणि मागच्या बाजूला जाळीच्या खिडक्यांची एक लांबट खोली. त्या खोलीत सागाची पानं खाणाऱ्या अळ्या पाळल्या जायच्या. पावसाळ्यात सागाला कोवळी पानं फुटतात आणि ही अळी त्यांच्यावर तुटून पडते. बघता बघता डोंगरच्या डोंगर भर उन्हाळ्यातल्यासारखे उघडे दिसायला लागतात. झाड मरत नाही, पण त्या वर्षीची त्याची वाढ अळीच्या पोटात जाते. तिला आवरायचं कसं ते शोधायचं, तर ती बारा महिने डोळ्यांसमोर हवी. जंगलात ती बारा महिने सापडत नाही, म्हणून खोलीत पाळायची.

पाळण्याचं काम आधारकडे होतं. बशीवर कंदिलाची काच उभी करायची, आत कोवळं पान, पानावर अळ्या, काचेच्या तोंडावर मलमलचा तुकडा आणि त्यावर रबर. अशा काचांच्या रांगा भिंतभर फळ्यांवर मांडलेल्या. धुळ्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेला आधार हा बोरशांच्या घरातला पहिला पदवीधर. त्याचे वडील सुपडूआबा एकदा मुलाची नोकरी बघायला आले. सगळ्या रांगा त्यांनी फिरून पाहिल्या आणि बाहेर येऊन तंबाखू मळत म्हणाले, "आम्ही कपाशीवर फवारा मारीसन मरी राहिनूत, आनि तू सरकारना पगार लिसन आळ्या पोसस?" ते गावी परतले त्याच आठवड्यात आधारचं नाव गावात 'आळीवाला' पडलं. आधारला त्याचं वाईट वाटलं नाही. गावात कपाशी पिकवणारे पुष्कळ होते, आळीवाला तो एकटाच होता.

खोलीचा एक नियम होता आणि तो आधारनेच घातला होता. रोज सकाळी काचफेरी व्हायची. हातात चिमटा घेऊन प्रत्येक काचेत डोकवायचं. एखादी अळी सुस्तावलेली दिसली, पान सोडून भलतीकडे चढलेली दिसली, की लगेच बाहेर काढून रॉकेलच्या वाटीत टाकायची. काच कुणाची आहे हे बघायचं नाही. एका अळीचा रोग दिवसभरात सगळ्या काचेत पसरतो, म्हणून ज्याला दिसेल त्याने काढायची. या नियमामुळे त्याची खोली अळ्यांच्या बाबतीत दवाखान्यापेक्षा स्वच्छ होती. दहा वर्षं त्याच्या वाटीत पडलेल्या अळ्यांकडे त्याने पुन्हा वळून पाहिलं नव्हतं.

शहाऐंशी साली रत्नमाला तायडे आली. बोदवडची मुलगी, वडील रेल्वेत गँगमन, औरंगाबादला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली. केंद्राचे प्रमुख रतिलाल देसले साहेब यांनी तिला आधारकडे आणलं आणि म्हणाले, "बोरसे, यांना तयार करा."

आधारने तयार केलं, आणि पुढे त्याला खुपलं ते हेच. ओल्या ब्रशने अळीला धक्का न लावता कशी उचलायची, कात टाकायच्या आधी ती कशी मुकाट बसते, पान कोणत्या वेळी बदलायचं, सगळं त्याने शिकवलं. ती विचारायची, मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी बरोबर तसंच करायची. वर्ष सरता सरता तिच्या अळ्या त्याच्या अळ्यांपेक्षा जाड दिसायला लागल्या. डोळ्यांचा भास असेल म्हणून एकदा सगळे जेवायला गेल्यावर आधारने दोन्हीकडच्या अळ्या काट्यावर घालून पाहिल्या. जाडच होत्या.

मग एकेक गोष्ट हातातून निसटत गेली. जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा त्याची होती, ती तिला मिळाली. बाईमाणूस आहे, मागे कुठे बसवणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. पण ती रजेवर असताना देसले साहेब त्या जागेवर आपली पिशवी ठेवू लागले, तेव्हा समजूत काही टिकली नाही. पूर्वी पाहुणे आले की साहेब त्यांना थेट आधारच्या फळ्यांपुढे उभे करायचे. आता ते तिच्या टेबलाकडे वळायचे, कारण अळीच्या अंगात वाढणारी एक परजीवी माशी तिने शोधून काढली होती. मेलेले म्हणून आधारने फेकलेल्या कोषांतूनच ती माशी निघाली होती. आधार जी गोष्ट साहेबांना चार वर्षं समजावत होता, ती रत्नमालाने एका वाक्यात सांगितली आणि साहेब म्हणाले, "वा." त्या 'वा'ने आधारला रात्रभर तळमळायला लावलं.

ऑफिसातल्या मोतीलाल क्लार्कने त्याच्या तळमळीवर औषध सांगून पाहिलं. चहाच्या कपावरून वाकून तो म्हणाला, की हल्ली जागा कोणत्या कोट्यातून भरतात ते तुम्हाला ठाऊकच आहे, मनाला कशाला लावून घेता? आधारला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जागा कशीही भरलेली असो, पानामागची अंडी तिला त्याच्या आधी दिसायची. मोतीलालचं ऐकून समाधान मानण्याइतका तो मूर्ख असता तर सुखी झाला असता.

घरी तो तिचंच बोलायचा. तायडेबाईंनी आज हे केलं, साहेब तायडेबाईंना असं म्हणाले. एका संध्याकाळी त्याच्या बायकोने, द्रौपदाबाईने, भाकरी थापता थापता विचारलं, "बठ्ठा दिन त्या बाईनं नाव. मनं नाव इतलं कधी लिधं का?"

आधार म्हणाला, तसं काही नाही.

"तसं नही ते मला बी माहीत शे," ती म्हणाली. "तसं राहतं तर तुम्हनं तोंड तरी गोड राहतं."

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात मुख्य कार्यालयातून एक मोठे साहेब केंद्र बघायला येणार असं ठरलं. रत्नमालाने त्यांच्यासाठी परजीवी माशीचा प्रयोग मांडला. एक अख्खी फळी, त्यावर तिच्या काचा, प्रत्येक काचेत एका वयाच्या, एका अंगाच्या अळ्या. नेमका त्याच दिवसांत पाऊस लागून राहिला. रोपवाटिकेतली पानं चिखलाने माखली, चांगली थोडीच उरली. पानं आणण्याचं काम आधारकडे होतं. वनमजूर तोतारामला घेऊन तो केवडी नाल्याच्या काठच्या सागांची कोवळी पानं तोडून आला. खोलीत आल्यावर त्याने वाटणी केली. रोपवाटिकेची निवडक स्वच्छ पानं आपल्या काचांना ठेवली आणि नाल्याची पानं तिच्या टेबलावर नेऊन ठेवली. वाईट असं त्याच्या मनात काही नव्हतं. चांगलं तेवढं आपल्याकडे राहू द्यावं, इतकंच.

ती म्हणाली, "थँक यू, बोरसे भाऊ. एवढ्या पावसात गेलात."

तिच्या त्या सरळ बोलण्याचासुद्धा त्याला राग आला.

पुढे काही दिवसांनी, बुधवारच्या काचफेरीत, तिच्या फळीवरच्या कोपऱ्यातल्या काचेत त्याला एक अळी दिसली. बाकीच्या सगळ्या पानावर होत्या, ही एकटी काचेवरून वर चढून मलमलीला चिकटली होती. अंग मऊ पडलेलं. मागच्या पायांनी धरून डोकं खाली सोडलं होतं. आधारचा चिमट्याचा हात आपोआप वर गेला. रबर काढायला बोट लागलं, आणि तिथेच थांबलं.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला रत्नमाला त्याच्या काचा बघत होती. तिने त्याच्या एका काचेतून अळी काढली, वाटीत टाकली आणि सहज म्हणाली, "तुमची एक सुस्त होती, काढली बरं का."

आधारने हं म्हटलं. बोट मागे घेतलं आणि पुढच्या काचेकडे गेला.

पाण्याने भिजलेल्या विजेच्या तारेला हात लागावा तसं त्याला दिवसभर मधूनमधून होत राहिलं. दुपारी एकदा तो त्या फळीपर्यंत गेलाही. मोतीलाल हाक मारत आला, म्हणून परत फिरला. पण खरं सांगायचं तर मोतीलाल आला याचं त्याला बरंच वाटलं.

गुरुवारी सकाळी ती काच बघवत नव्हती. निम्म्या अळ्या वर चढून उलट्या लटकल्या होत्या. काहींचं कातडं फुटून दुधासारखा पातळ द्रव काचेवरून ओघळला होता. शुक्रवारी शेजारच्या काचा गेल्या, शनिवारी फळी रिकामी झाल्यासारखी झाली. रत्नमाला स्टुलावर बसून राहिली. त्या संध्याकाळी आधारने कळण्याची भाकरी आणि शेवेची भाजी पोटभर खाल्ली. वर द्रौपदाबाईला म्हणाला, भाजी आज चांगली झाली. ती त्याच्याकडे बघतच राहिली, कारण भाजी रोजचीच होती.

हे समाधान रविवारपुरतं टिकलं. सोमवारी तो खोलीत शिरला तर रॉकेलची वाटी कोरडी होती आणि मेलेल्या अळ्या एका बाटलीत जमवलेल्या होत्या. रत्नमालाने त्या खलात वाटल्या, पाण्यात कालवल्या, मलमलीतून गाळल्या. ते पाणी काही पानांवर लावलं, काही पानांवर नुसतं पाणी लावलं, आणि धडधाकट अळ्या दोन्हीकडे सोडल्या. मग ती रोज बघत राहिली. नुसत्या पाण्याच्या पानांवरच्या अळ्या मजेत वाढल्या. दुसऱ्या पानांवरच्या सगळ्या वर चढल्या, डोकं खाली करून लटकल्या आणि फुटल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या द्रवात बारीक चकचकीत दाणेच दाणे दिसले. देसले साहेबांनी डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही.

अशा दाण्यांत दडून राहणाऱ्या विषाणूचा रोग दक्षिणेकडच्या सागवनात आढळल्याचं साहेबांच्या कानावर होतं. आपल्याकडे तो कुणी दाखवला नव्हता. ज्या अळीसाठी विमानातून विष फवारावं का यावर कागद हलत होते, तिला मारणारं काहीतरी इथेच, जंगलात, फुकट पडलेलं होतं. त्या आनंदात साहेब स्वतः व्हरांड्यात येऊन चहा करा म्हणून ओरडले.

आधार चहा घेऊन रोपवाटिकेत गेला आणि वाफ्याच्या कडेला बसला. अशी लटकलेली अळी त्याने दहा वर्षांत किती वेळा पाहिली होती! दरवेळी चिमट्याने उचलून रॉकेलमध्ये बुडवली होती आणि हात पुसले होते. ज्या स्वच्छतेसाठी त्याचं नाव होतं, तिनेच ही गोष्ट दहा वर्षं त्याच्यापासून लपवली. आणि ज्या दिवशी त्याने आपला नियम मोडला, वाईट बुद्धीने मोडला, त्या दिवशी ती गोष्ट उगवली, तीही तिच्या फळीवर. हेवा वाटायला निदान समोरचा माणूस तरी लागतो. आधारला त्या दिवशी स्वतःच्या बोटाचासुद्धा हेवा वाटला, की ते थांबलं ते तिच्या काचेवर, आपल्या काचेवर का नाही.

मोठे साहेब आले. खोली बघून झाल्यावर सगळे ऑफिसात बसले. रत्नमालाने प्रयोग सांगितला. मोठ्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, की हे सगळं ठीक, पण रोग खोलीत आला कसा? पहिली आजारी अळी कोणाला, कोणत्या दिवशी दिसली? जंगलात तो कुठे आहे हे शोधायचं तर सुरुवात तिथून करावी लागेल.

"मला गुरुवारी सकाळी दिसल्या," रत्नमाला म्हणाली. "पण तोवर निम्मी काच गेली होती. म्हणजे बुधवारी एखादी तरी दिसायला हवी होती. ती माझ्या नजरेतून सुटली. चूक माझीच आहे, सर."

मोठे साहेब मान हलवत म्हणाले, की नजर पक्की हवी, एका दिवसाच्या फरकाने पुष्कळ काही हातचं जातं.

इथे एखाद्या भल्या माणसाला तिची दया आली असती. आधारला आली नाही. 'पहिली अळी' हे शब्द त्याच्या डोक्यात घुमत होते. माशी तिची, दाणे तिचे, साहेबांचा 'वा' तिचा. आता ही पहिली अळीसुद्धा, सुटली म्हणून का होईना, तिच्याच नावावर चालली होती. आणि ती तर त्याची होती. त्याने पाहिली होती.

"पहिली मी पाहिली," आधार म्हणाला. "बुधवारच्या फेरीत. कोपऱ्यातल्या काचेत, मलमलीला लटकलेली होती."

देसले साहेब वळले. "मग काढली का नाही?"

उत्तर तयार होतं. पुढे काय होतं ते बघावं म्हणून मुद्दाम ठेवली, एवढं म्हटलं की झालं. मोठे साहेब खूश झाले असते. शोधाचं अर्धं माप त्याच्या पदरात पडलं असतं, कदाचित जास्तच. आधारने तोंड उघडलं. समोर रत्नमाला त्याच्याकडे बघत होती. नियम तिला ठाऊक होता. त्याची सुस्त अळी तिने त्याच फेरीत काढली होती. खोटं ऐकून ती बोलली नसती, पण तिला कळलं असतं. आणि तिला आपल्याबद्दल काही जास्त कळावं, हे त्याला सोसणारं नव्हतं.

"काच तायडेबाईंची होती म्हणून," तो म्हणाला.

मोतीलालने फायलीत तोंड घातलं. देसले साहेब चष्मा पुसायला लागले. शेवटी मोठे साहेबच बोलले. कामाशी काम ठेवणारा माणूस होता तो. म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघून घ्या, मला पानं कुठली होती ते सांगा.

"केवडी नाल्याची. ती फक्त यांना दिली होती. रोपवाटिकेची चांगली पानं मी माझ्याकडे ठेवली." एकदा सुरू झालं तर त्याला थांबताच येईना. "म्हणून माझ्या अळ्या वाचल्या."

दुपारी पाऊस थोडा उघडला तसे ते नाल्यावर निघाले. दोन्ही साहेब आणि तोताराम मागे, आधार आणि रत्नमाला पुढे. वाट चिखलाची होती. रत्नमाला चालता चालताच म्हणाली, "अळ्या मेल्या त्याचं काही नाही, बोरसे भाऊ. त्या मरतातच."

आधार चिखल चुकवत चालत राहिला.

"त्या दिवसापासून मी स्वतःला आंधळी समजते आहे. रोज फेरीत एकेक काच दोन-दोनदा बघते. आपल्याला दिसत नाही, आपण या कामाच्या नाही, असं घरी आईला लिहायला बसले होते. तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि तुम्ही माझ्याशेजारी बसून डबा खात होतात."

हे आधारच्या ध्यानीमनी नव्हतं. तिच्या मनात इतकं काही चाललेलं असेल, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. ती चुकत नाही, तिला कशाचं काही होत नाही, असंच तो धरून चालला होता. माफ करा म्हणावं असं त्याच्या ओठांवर आलं. त्याऐवजी तो म्हणाला, "तुमच्या अळ्या माझ्यापेक्षा जाड होत्या. मी वजन केलं होतं."

रत्नमाला थांबली. तिला हसू आलं की राग आला ते तिचं तिलाच ठरवता येईना. "काय माणूस आहात हो तुम्ही," ती म्हणाली आणि पुढे निघाली.

नाल्याच्या काठी सागांची पानं जाळीजाळी झाली होती. दोघं झाडांखाली मान वर करून फिरू लागले. तिसऱ्या-चौथ्या झाडाशी आधारला दिसली. फांदीच्या टोकाला, पानाच्या शिरेला मागचे पाय रोवून, डोकं खाली. वाळून काळी पडलेली, पण तीच. रत्नमाला दोन हातांवर होती, तिची नजर दुसरीकडे होती. एका क्षणापुरतं त्याला पुन्हा गप्प राहावंसं वाटलं.

"इकडे या," तो म्हणाला. "वर, डाव्या फांदीला."

ती आली, तिने पाहिलं, फांदी हलकेच वाकवली. खिशातून चिठ्ठी आणि दोरा काढला, पेन त्याच्यापुढे धरलं. "तुम्हाला दिसली. तुमचं नाव घाला."

कागद भिजू नये म्हणून आधारने पाठ वाकवून, एकेक अक्षर कोरून आपलं नाव लिहिलं आणि चिठ्ठी फांदीला बांधली. गाठ पक्की बसली का ते ओढून पाहिलं. मागून साहेबांची पावलं वाजत होती. ते येतील, आधी हीच फांदी बघतील, असा विचार करत तो वळला.

रत्नमाला तेवढ्यात नाला ओलांडून पलीकडच्या सागाखाली पोहोचली होती. त्या झाडाच्या प्रत्येक फांदीवर अळ्या लटकल्या होत्या. ती तोंडावर हात ठेवून वर बघत उभी होती, आणि दोन्ही साहेब आधारच्या चिठ्ठीकडे न बघता, विजारी वर दुमडून, पाण्यात उतरून तिच्याकडे निघाले होते.

आधारने चपला काढून हातात घेतल्या आणि साहेबांच्या आधी पोहोचायला म्हणून वरच्या अंगाने, जिथे पाणी जास्त पण अंतर कमी होतं तिथून, नाल्यात पाय घातला.